करावा, घ्यावा की करवून घ्यावा?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरात एका पलंगावरून पंधरा दिवस वाद चालला होता. पलंग अजून घरात आलेलाच नव्हता. तो आणायचा कसा, यावरच वाद होता.

आम्ही केडगावचे. दौंड तालुक्यातले, पुणे-दौंड रेल्वेच्या वाटेवरचे. जुने घर, त्याचे अंगण, अंगणातला कडुनिंब हे सगळे भावांच्या वाटण्यांत गेले. आता स्टेशनच्या बाजूला तीन खोल्यांत राहतो. नातू दहा वर्षांचा, नात सात वर्षांची. दोघांत मिळून एक खोली, दहा बाय दहाची. तिथे दोन पलंग मांडले तर अभ्यासाचे टेबल दाराबाहेर ठेवावे लागणार. म्हणून दुमजली पलंगाची कल्पना निघाली. मुलांच्या भाषेत बंक बेड.

मुलगा म्हणाला, "अण्णा, मोबाइलवर मागवतो. चार दिवसांत दारात येईल." मी म्हणालो, "चार खांब आणि दहा फळ्या. विकत कशाला? सुट्टी आहे, आपणच करू." सूनबाई दोघांचेही ऐकून घेत होती. शेवटी ती म्हणाली, "अण्णा, मिस्त्रींना सांगितलं तर?"

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे घरात कसलाही वाद निघाला, की माझे मन आधी मागे जाते. सूनबाईच्या त्या एका वाक्याने मी थेट माझ्या वडिलांच्या बाजेपाशी जाऊन पोचलो. आणि लक्षात आले, की 'स्वतः करावे की विकत घ्यावे' हा प्रश्न आपल्याकडे तसा अलीकडचा आहे. आमच्या वडिलांना तो कधी पडलाच नाही. त्यांच्या काळी वस्तू ना कोणी स्वतः करी, ना विकत घेई. ती करवून घेतली जाई.

पण त्याआधी दुसरा एक प्रश्न सोडवायला हवा. पलंगावर पलंग चढवायची वेळ माणसावर का आली?

खेड्यात ती कधी आली नव्हती. बाज ही मुळी रात्रीपुरती वस्तू. पहाट झाली की ती भिंतीला उभी करायची. उन्हाळ्यात अंगणात, पावसाळ्यात ओसरीवर, आणि घरात बाळंतीण असली की तिच्या खोलीत. बाकीचे घोंगडीवर नाहीतर वाकळेवर. जागा फुकट होती, म्हणून कोणी वर पाहिले नाही. माणूस वरच्या बाजूला झोपू लागला तो जिथे जमिनीला भाडे पडते तिथे. जहाजात, सैनिकांच्या बराकीत, वसतिगृहात आणि रेल्वेच्या डब्यात.

मुंबईची चाळ आठवा. १९२०च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे २०७ चाळी बांधल्या. बीडीडी चाळी म्हणून त्या ओळखल्या गेल्या. एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. गिरणगावातल्या अशा खोल्यांतून गावाकडची किती माणसे राहून गेली याला गणती नाही. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा येऊन त्याच जागेवर पाठ टेकायचा. खोलीत एखादी खाट असली तर वर वडीलधारा आणि खाटेखाली मुले. दुमजली पलंग म्हणतात तो दुसरा काय असतो? चाळीने तो सुताराला न विचारताच शोधून काढला होता. पुढे लोकांनी पोटमाळे काढले आणि पोरांची अंथरुणे शिडीने वर गेली.

आमची पहिली ओळख मात्र रेल्वेने करून दिली. १८५८ साली पुण्याला पोचलेली जी. आय. पी. रेल्वे दौंडवरून १८६० पर्यंत सोलापूरला गेली. त्याच रुळांवरून पुढे तीन मजली झोपण्याचे डबे धावू लागले. दिवसा मधला बर्थ खाली पाडून पाठ टेकायची, रात्री तोच साखळीला अडकवून पलंग. बाज दिवसा भिंतीला उभी करण्याचीच ही तऱ्हा. हे बर्थ आधी नुसते लाकडी होते. सोलापूरपर्यंत जाऊन आले की फळीचे वळ पाठीवर दिसायचे. १९७७ ते १९७९ या काळात आपले मधू दंडवते रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या बर्थवर दोन इंचांचा फोम घालण्याचा निर्णय त्यांचा. गरिबाची पाठ आणि श्रीमंताची पाठ सारखीच दुखते, इतकी साधी गोष्ट एका मंत्र्याने मनावर घेतली. आज आपण गादी गृहीत धरतो, म्हणून मुद्दाम आठवण करून दिली.

आता बाजेकडे वळतो.

वडिलांची बाज आमच्या गावच्या सुताराने केली होती. लाकूड आमच्याच बांधावरच्या बाभळीचे. सुतार घरी आला, त्याने वडिलांना उभे केले आणि वितीने मोजले. वर चार बोटे धरली, पाय ताणायला. मग अंगणात बसून वाकसाने ताशीत, गिरमिटाने भोके पाडीत त्याने दोन दिवसांत सांगाडा उभा केला. कुठे खिळा नाही. सगळे सांधे कुसवाचे. दोर आला मातंग वस्तीतून, केकताडाच्या वाखाचा, हाताने वळलेला. बाज विणली आमच्या आजोबांनी. पायथ्याची ताणाची दोरी दर महिन्याला ओढून घ्यायचे काम आम्हा पोरांचे. म्हणजे एका बाजेत तीन-चार घरांचे हात होते, आणि बाज सैल झाली तर कोणाकडे जायचे हे सगळ्यांना ठाऊक होते.

पैसे किती दिले? काहीच नाही. सुगीला खळ्यावर ज्वारीच्या पेंढ्या गेल्या, ते बलुते. वर्षभराची औते, कुळव, पाभर, दाराच्या चौकटी आणि मधेच एखादी बाज, सगळे त्यातच.

हे सांगताना माझा सूर हळवा होतो आहे, हे मला कळते. म्हणून दुसरी बाजूही सांगायलाच हवी. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' या पुस्तकात या व्यवस्थेची बारीकसारीक मांडणी केली, आणि तिचे दोषही झाकले नाहीत. कामाचा मोबदला ठरलेला नाही, काम वेळेवर होईल याची खात्री नाही, आणि सुताराच्या पोराने सुतारच व्हायचे. त्यातून ज्याच्या हाताने वळलेल्या दोरावर आमचे घर निजत होते, त्याला आमच्या ओसरीवर बसायची मुभा नव्हती. दोर घरात यायचा, दोर वळणारा अंगणाबाहेर थांबायचा. लहानपणी मला यात काही वावगे दिसले नाही. आज ती बाज आठवली की हेही आठवते, आणि आठवायलाच हवे.

१९७२च्या दुष्काळात खळेच झाले नाही, मग बलुते कुठून येणार? आमच्या सुताराचा थोरला मुलगा पिंपरीला कारखान्यात गेला. साच्यांचे लाकूडकाम करू लागला. महिन्याला रोख पगार, रविवारी सुट्टी. तो परत आला नाही, आणि त्याने का यावे? मधला माणूस असा निघून गेला, आणि आपल्यापुढे दोनच वाटा उरल्या. स्वतः करा किंवा विकत घ्या.

यातली पहिली वाट आपल्या समाजाला, विशेषतः शिकल्यासवरल्या घरांना, कधी मानवली नाही. हातात हत्यार धरणे हे कमीपणाचे. पण आमच्या केडगावात सव्वाशे वर्षांपूर्वी एका बाईने ही समजूत पार उलटी केली. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मी तिथला नव्हे, त्यांच्या धर्माचाही नव्हे. पण इतिहासाचा शिक्षक म्हणून त्या आवाराकडे पाहिल्याशिवाय मला कधी पुढे जाववले नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८चा, पुण्याला रेल्वे आली त्याच वर्षीचा. १८८६ ते १८८८ त्या अमेरिकेत होत्या. तिथे त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. मुलाने हाताने काही केले की ते शिकते, हा त्या पद्धतीचा गाभा. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेले. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी मदतीचा शब्द दिला होता, पण तो दहा वर्षांपुरता. पुढे काय? रमाबाईंनी केडगावजवळ माळाची जमीन घेतली. फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालवायचे, असा हिशेब. उद्या कोणापुढे हात पसरायला लागू नये, एवढाच.

बागेच्या फळांआधी दुष्काळ आला. १८९६-९७ साली रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध. इतक्या मुली ठेवायच्या कुठे? त्यांना या माळावर आणले. आधी तात्पुरती छपरे, मग विहिरी, मग इमारती. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर इथल्या मुली-बायकांची संख्या दीड हजारांच्या वर गेली.

आता विचार करा. दीड हजार माणसांना कपडे हवेत, तेल हवे, दूध हवे, पुस्तके हवीत. सगळे विकत आणता आले असते, देणग्या येत होत्या. पण मुक्तीत हातमाग लागले, तेलाचा घाणा चालू झाला, गोठा झाला, शेती झाली. अंध मुलींना ब्रेल वाचायला आणि विणकाम करायला शिकवले गेले. आणि सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे छापखाना. रमाबाईंनी बायबलचे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत भाषांतर करायला घेतले. ते छापायला मुंबई-पुण्यात छापखाने होते. त्यांनी ते केडगावातच छापायचे ठरवले. खिळे जुळवायला, छापायला, बांधणी करायला त्यांच्याच मुली. दुष्काळातून आलेल्या आणि कालपरवा अक्षरे शिकलेल्या मुली मराठीच काय, हिब्रू आणि ग्रीक खिळेही जुळवू लागल्या. रमाबाई १९२२ साली गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

मराठीत सुताराचाही खिळा आणि छापखान्याचाही खिळाच. आमच्या गावात दोन्ही खिळे बायकांच्या हाती प्रथम कोणते आले असतील, तर ते छापखान्याचे.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. रमाबाईंनी सगळेच घरी केले नाही. छापण्याची यंत्रे बाहेरूनच आणावी लागली. काय विकत घ्यायचे आणि काय स्वतः करायचे, याची त्यांची एक कसोटी दिसते. जे केल्याने करणाऱ्या मुलीच्या हातात काही उरते, ते इथे करायचे. माग चालवणारी मुलगी उद्या बाहेर पडली तर पोट भरू शकेल. खिळे जुळवणारी वाचायला शिकेल. ती वस्तू बाजारात स्वस्त मिळते की महाग, हा हिशेब दुय्यम. आमच्या पलंगाच्या वादात मुलगा आणि मी दोघेही नुसते रुपये मोजत होतो. ही कसोटी आमच्या कोणाच्याच मनात आली नव्हती.

विकत घेण्याची वाटही काही वाईट नाही. गोदरेजने १९२३ साली पोलादी कपाटे करायला घेतली, आणि मराठी घरात ते कपाट लेकीच्या संसाराबरोबर जाऊ लागले. एकदा घेतले की नातवंडांपर्यंत. मुलगा ज्या प्रकारचा पलंग मागवणार होता, म्हणजे खोक्यात सुटे भाग येणारा, त्याचा इतिहास स्वीडनचा. तिथे १९४३ साली निघालेल्या आयकिया या कंपनीने १९५६च्या सुमाराला पाय सुटे करून सपाट खोक्यातून टेबले विकायला सुरुवात केली. जोडणी गिऱ्हाइकाने करायची. वाहतूक वाचते, गोदाम वाचते, दर उतरतो. नवी मुंबईत तुर्भ्याला त्यांचे दुकान २०२० साली उघडले.

यात एक गंमत आहे. तीन अमेरिकी संशोधकांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना साधी खोकी जोडायला दिली, आणि मग त्यांची किंमत करायला सांगितली. स्वतः जोडलेल्या खोक्याला लोक जास्त किंमत द्यायला तयार होते. पण जोडणी अर्धवट राहिली, तर हा जिव्हाळा उरत नाही, असेही दिसले. आपल्या हाताने पुरे झालेले काम माणसाला प्रिय होते.

याच्या कितीतरी आधी, १९७४ साली, एन्झो मारी नावाच्या इटालियन कलावंताने एक पुस्तिका काढली होती. साध्या फळ्या आणि खिळे यांतून टेबल, खुर्ची, पलंग कसे करावेत याचे आराखडे. टपालखर्च पाठवील त्याला ती मिळे. लोकांनी सुतार व्हावे, असा त्याचा आग्रह नव्हता. एकदा हाताने खुर्ची केली, की दुकानातली खुर्ची कशी पारखायची ते माणसाला कळेल, असे त्याचे म्हणणे होते.

आपल्याकडे गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हेच शाळेपुढे मांडले. हस्तोद्योगातून शिक्षण. पुढे कोठारी आयोगाने १९६६च्या अहवालात कामाच्या अनुभवावर भर दिला. त्याचे आपण शाळेत काय केले? 'कार्यानुभव' नावाचा एक तास केला. मी स्वतः पंचवीस वर्षे त्या तासाला मुलांकडून मेणबत्त्या आणि कागदी फुले घेतली, आणि त्यांतली निम्मी बाजारातून विकत आणलेली आहेत हे ठाऊक असूनही गुण दिले. हा दोष माझा. तो दुसऱ्या कोणावर टाकता येणार नाही.

तर आमच्या पलंगाचे काय झाले?

मीच करणार, असा हट्ट धरून मी मोजमाप घेतले. खोलीची उंची साडेनऊ फूट. खालचा पलंग जमिनीपासून दीड फुटावर, वरचा पाच फुटांवर, चार इंचांची गादी. गुण्या लावून आराखडा काढला. आकडे बरोबर, कोन बरोबर. संध्याकाळी नातू टेबलावर स्टूल ठेवून, मी भिंतीवर ओढलेल्या रेघेइतक्या उंचीवर जाऊन बसला आणि "आजोबा, इथे माझी उशी!" म्हणत त्याने हात वर केला. पंखा बंद होता, म्हणून आज हे हसत सांगतो आहे. त्याची बोटे पात्याला लागली. मी जमीन मोजली, भिंत मोजली, छत मोजले, आणि मध्ये फिरणारा पंखा विसरलो. स्टुलावरून त्याला उतरवताना माझेच हात कापत होते.

दुसऱ्या दिवशी सूनबाईच्या मिस्त्रींना बोलावले. उत्तर प्रदेशातून आलेले, बारा वर्षे इथेच असलेले. त्यांनी आराखडा पाहिला नाही. आधी वर पाहिले. म्हणाले, "गुरुजी, पंखा पहिल्यांदा काढायचा. भिंतीवरचा जाळीचा लावा." मग मी मुलाला मोबाइलवर नियम शोधायला लावले. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९९ साली दुमजली पलंगांसाठी सक्तीचे नियम केले. वरच्या पलंगाला दोन्ही बाजूंनी कठडा हवा, भिंतीकडूनही. कठडा गादीच्या वर किमान पाच इंच हवा. मुलाचे अंग घसरून डोके अडकेल अशी साडेतीन इंचांपेक्षा मोठी फट नको. आणि सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये. विकत घ्या नाहीतर घरी करा, एवढे चार नियम कागदावर लिहून भिंतीला लावा, असे मी सगळ्यांना सांगेन.

शेवटी आम्ही तिघांचेही थोडे थोडे ऐकले. खांब, चौकट आणि सांधे मिस्त्रींचे, कारण वजन तिथे येते आणि ते काम शिकल्याशिवाय करू नये. बोल्ट, कठड्याचे लोखंडी कोन आणि गाद्या मुलाने मागवल्या. फळ्या घासणे, पॉलिश आणि आडव्या पट्ट्या बसवणे हे नातवंडांचे आणि माझे. पलंग बोल्टवर आहे. उद्या मुले मोठी झाली की सोडवून दोन वेगळे पलंग होतील.

काम संपले त्या दिवशी मिस्त्री हिशेब घेऊन उठले. सूनबाई चहा घेऊन आली. ते सवयीने दाराबाहेर पायरीवर बसायला निघाले होते. नातवाने त्यांचा हात धरून आत आणले आणि नव्या पलंगावर बसवले. "काका, वजन धरतो का बघा!" म्हणाला. त्याला बाजेची आणि बाजेच्या दोराची गोष्ट मी सांगितलेली नव्हती. अजूनही सांगितलेली नाही. थोडा मोठा झाला की सांगेन.

दुपारी मुले शाळेत गेली की मी कधीकधी खालच्या पलंगावर आडवा होतो. वर पाहिले की आडव्या पट्ट्यांचे स्क्रू दिसतात. एका ओळीत सगळे सरळ, फक्त तिसऱ्या पट्टीचा एक तिरका गेला आहे. तो नातीचा. मिस्त्री तो काढून पुन्हा लावणार होते, पण तिने लावू दिला नाही.